पुराच्या रात्री डेटाबेसला किती मेमरी लागते?

ग्रामपंचायतीत दाखला काढायला गेलेल्या माणसाला संगणक परिचालक ‘लिंक नाही’ असे सांगतो, तेव्हा त्या दोन शब्दांमागे निरनिराळी कारणे असू शकतात. गावातली वीज गेलेली असेल, रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली असेल, तालुक्याचे यंत्र बंद पडले असेल, नाहीतर दाखल्यांच्या पोर्टलचाच सर्व्हर दमला असेल. यातले नेमके काय झाले ते जागेवरून न उठता कळावे, म्हणून नेटवर्क मॉनिटरिंगची यंत्रणा उभारतात. ती गावोगावच्या यंत्रांना ठरावीक वेळाने ‘आहेस का, कशी आहेस’ असे विचारते आणि मिळालेले उत्तर डेटाबेसमध्ये लिहून ठेवते. ही यंत्रणा स्वतःच अडखळू लागली, आलेख उघडायला मिनिट-मिनिट घेऊ लागली, की पहिले निदान ठरलेले असते: रॅम कमी पडते, डेटाबेसची मेमरी वाढवा. माझ्या मते हे निदान बहुतेक वेळा अर्धेच असते, आणि त्यावरचा उपाय कित्येकदा दुखणे वाढवतो. मॉनिटरिंगच्या डेटाबेसला मेमरी द्यायची ती ताजी माहिती किती आहे हे मोजून, आणि सगळ्यांत वाईट तास डोळ्यांपुढे ठेवून. एकूण डेटाबेस केवढा मोठा आहे आणि सरासरी दिवस कसा जातो, या दोन आकड्यांचा त्यात फारसा उपयोग नाही.

भंडारा जिल्हा यासाठी चांगला नमुना आहे. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके, पाचशेहून अधिक ग्रामपंचायती आणि मधून वाहणारी वैनगंगा. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले आणि महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने राज्याने हाती घेतले. रचना थोडक्यात अशी, की तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी नावाचे मोठे यंत्र असते आणि तिथून फुटलेल्या फायबरच्या टोकाला, ग्रामपंचायतीत, ओएनटी नावाचा छोटा डबा. या जीपॉन तंत्रात एक सोय आहे. डब्याची वीज गेली, तर पुरता विझण्याआधी तो ‘माझी वीज गेली’ असा शेवटचा निरोप ओएलटीकडे पाठवतो. त्यावरून केबल तुटली की वीज गेली, हा फरक दूर बसून ओळखता येतो. अर्थात तो निरोप वेळेवर लिहून घेणारा डेटाबेस जागा असेल तरच.

एक हिशेब मांडू. समजा भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात ५०० ग्रामपंचायती झॅबिक्सवर घेतल्या. झॅबिक्स हे लॅटव्हियातल्या अलेक्सेई व्लादिशेव यांनी सुरू केलेले आणि २००१ पासून मुक्तपणे उपलब्ध असलेले मॉनिटरिंगचे सॉफ्टवेअर. प्रत्येक डब्याच्या २० बाबी दर मिनिटाला विचारायच्या ठरवल्या: प्रकाशाची तीव्रता, तापमान, व्होल्टेज, येणारी-जाणारी वाहतूक, चुका वगैरे. म्हणजे १०,००० बाबी, मिनिटाला १०,००० नोंदी, सेकंदाला सुमारे १६७, दिवसाला १ कोटी ४४ लाख. झॅबिक्सच्या अंदाजपत्रकात एका आकडी नोंदीला सुमारे ९० बाइट धरतात. त्या दराने दिवसाचे १.३ जीबी आणि ३० दिवसांचे ३९ जीबी होतात. तासातासाची सरासरी वर्षभर ठेवली तर तिचे आणखी ८ जीबीच्या आसपास. एकूण ४७ जीबी. एवढा आकडा पाहिल्यावर कोणीही म्हणेल, सर्व्हरला ६४ जीबी रॅम घ्या. पण हा आकडा डिस्कचा आहे. मेमरीचा प्रश्न त्याने सुटत नाही आणि नीट मांडलाही जात नाही.

तलाठ्याच्या टेबलावर चालू आठवड्याच्या फायली असतात आणि जुने दप्तर अभिलेख कक्षात असते. सगळे दप्तर टेबलावर मावत नाही म्हणून कोणी टेबल मोठे करून मागत नाही. नोंदी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवल्या असतील, तर त्यातला बफर पूल हे ते टेबल. डिस्कवरची माहिती १६ केबीच्या पानांत ठेवलेली असते आणि लागणारे पान या पूलमध्ये आणूनच त्यावर वाचन-लेखन होते. मग टेबलावर नेमके किती पसरते? मॉनिटरिंग पाहणारा माणूस जवळजवळ नेहमी गेला तास, गेला दिवस, फार तर परवाचा दिवस पाहतो. म्हणजे वाचनासाठी दोन दिवसांची माहिती, सुमारे २.६ जीबी, हाताशी असली की भागते. लेखनाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि बहुतेक जण तिथेच चकतात. झॅबिक्सच्या ६.० आवृत्तीपासून नव्या मांडणीत नोंदींचा क्रम आधी बाब आणि मग वेळ असा लागतो. त्यामुळे नव्या नोंदी एकाखाली एक, एकाच पानावर पडत नाहीत. प्रत्येक बाबीचे आपले शेवटचे पान असते आणि दर मिनिटाला १०,००० वेगवेगळ्या पानांवर एकेक ओळ लिहावी लागते. १०,००० गुणिले १६ केबी म्हणजे सुमारे १६० एमबी. आणि मायएसक्यूएल बसवल्यावर, कोणी हात लावला नाही तर, बफर पूल असतो १२८ एमबीचा. केवळ शेवटची पानेसुद्धा त्यात मावत नाहीत. दर मिनिटाला शेकडो पाने बाहेर फेकायची, पुन्हा आत आणायची, असा खेळ सुरू होतो आणि डिस्कला उसंत मिळत नाही. ‘सुरुवातीला दहा-वीस गावे होती तेव्हा छान चालत होते, गावे वाढली आणि एकदम बसले’ अशी जी तक्रार असते तिचे मूळ पुष्कळदा या काठावर सापडते. मेमरीची टंचाई हळूहळू जाणवत नाही. काठ ओलांडला की एका फटक्यात जाणवते.

मेमरी पुरते की नाही हे तपासायला एक लोकप्रिय आकडा आहे: मागितलेल्या पानांपैकी किती पाने पूलमध्येच सापडली याची टक्केवारी. ९९ टक्के दिसले की तपासणारा समाधानाने खिडकी बंद करतो. पण सेकंदाला ५०,००० वेळा पाने मागितली जात असतील, तर उरलेला एक टक्का म्हणजे सेकंदाला ५०० वेळा डिस्कवर धाव. फिरत्या चकतीची साधी हार्ड डिस्क विखुरलेली वाचने सेकंदाला शंभर-दीडशेच्या घरातच करू शकते. म्हणजे ९९ टक्के गुण मिळवूनही यंत्रणा नापास. शिवाय हे मोजमाप सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे, साठत आलेले असते. महिनाभराच्या निवांत रात्रींचे गुण काल दुपारच्या गोंधळावर पांघरूण घालतात. म्हणून टक्केवारी सोडून द्यावी आणि डिस्कवरून वाचलेल्या पानांचा मोजक पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा टिपून नुसती वजाबाकी करावी. त्यातून मिळणारा सेकंदाचा आकडा आपल्या डिस्कच्या कुवतीशी ताडून पाहिला की पूल खरोखर अपुरा आहे का, याचे सरळ उत्तर मिळते.

पूल वाढवायचा ठरला, तर किती? इथे एकूण रॅमच्या ८० टक्क्यांचा सल्ला कानावर येतो. मायएसक्यूएलच्या माहितीपुस्तिकेत तो आहे, पण फक्त डेटाबेससाठीच राखलेल्या सर्व्हरपुरता, आणि ‘८० टक्क्यांपर्यंत’ अशा शब्दांत. जिल्हा पातळीवर मात्र बहुधा एकच यंत्र सगळा संसार ओढते: त्यावरच डेटाबेस, त्यावरच झॅबिक्स, त्यावरच आलेख दाखवणारा वेब सर्व्हर. ८ जीबीच्या अशा यंत्रात ८० टक्के म्हणजे ६.४ जीबी पूलला दिले. त्याच्या व्यवस्थेसाठी सुमारे १० टक्के वर लागतात, म्हणजे ७ जीबी झाले. झॅबिक्सच्या स्वतःच्या कॅशे आणि प्रक्रियांना अर्धा जीबी. उरल्या अर्ध्या जीबीत लिनक्स आणि वेब सर्व्हर. वेब सर्व्हरच्या पीएचपी प्रक्रियांची मर्यादा प्रत्येकी १२८ एमबी आणि संख्या २० अशी ठेवली असेल, तर त्या पूर्ण भरात आल्यावर अडीच जीबी मागू शकतात. एरवी तिघेच जण पडदा पाहत असतात म्हणून ते मागत नाहीत आणि महिनोन्‌महिने काही बिघडत नाही. मग सगळे एकदम पाहू लागतात. लिनक्सची मेमरी संपते तेव्हा तो कोणाला तरी मारून जागा करतो, आणि निवड करताना मुख्यतः कोण किती मेमरी धरून बसले आहे ते पाहतो. सर्वांत मोठा असतो डेटाबेस. बळी त्याचाच जातो.

यातली खरी गोम पुढे आहे. मायएसक्यूएल नीट बंद केला, तर पूलमध्ये कोणती पाने होती याची यादी तो लिहून ठेवतो आणि सुरू होताना त्यावरून ती पाने परत आणू लागतो. लिनक्सने मारल्यावर यादी लिहायला सवडच मिळत नाही. अर्धवट राहिलेले व्यवहार सावरत, रिकाम्या पूलसह तो उठतो, आणि उठतो तोच सगळ्यांची मागणी समोर उभी. डिस्कवर धावाधाव सुरू होते, नोंदी तुंबतात. नोंदी डेटाबेसमध्ये जाण्याआधी झॅबिक्स त्या हिस्टरी कॅशेमध्ये धरतो. मुळात हा कॅशे फक्त १६ एमबीचा असतो. तो भरला की नवे आकडे गोळा करणेच अडते. आकडे आले नाहीत म्हणून ‘या गावाकडून माहिती येत नाही’ अशा धोक्याच्या सूचना उठतात, त्याही डेटाबेसमध्ये लिहाव्या लागतात, आणि त्या पाहून आणखी चार जण पडदा उघडतात. गावे जागी असतात, झोपलेला असतो तो पहारेकरी. पडद्यावर मात्र उलटे दिसते.

असा तास केव्हा येतो? ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सोडले गेले आणि वैनगंगेला मोठा पूर आला. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, काठच्या गावांना वेढा पडला, खाली गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले. अशा रात्री मॉनिटरिंगच्या यंत्रणेवर काय ओढवते याचा विचार करा. एकेका फिडरवर वीज गेली की पन्नास-पन्नास गावांचे शेवटचे निरोप एकाच मिनिटात येतात. बॅटरीवर चाललेले डबे पुढच्या काही तासांत एकामागून एक विझतात. उत्तर न देणाऱ्या यंत्रांची वाट पाहण्यात विचारणाऱ्या प्रक्रिया अडकून पडतात. तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय, नागपूर, मुंबई, सगळीकडे एकच पडदा उघडला जातो आणि कोणी तो दर दहा सेकंदांनी ताजा करत बसतो. तालुक्याला झॅबिक्सचा प्रॉक्सी, म्हणजे नोंदी गोळा करून जिल्ह्याकडे पाठवणारा मधला दुवा, असेल, तर जिल्ह्याशी संपर्क तुटल्यावर तो नोंदी स्वतःजवळ साठवतो आणि संपर्क जुळताच सगळ्या पाठवू लागतो. आपल्या हिशेबात जिल्हाभराच्या तीन तासांच्या नोंदी होतात १८ लाख. (जाता जाता: न बदललेल्या प्रॉक्सीची साठवण एका तासाचीच असते. पुराच्या पट्ट्यात ती तशीच ठेवणे म्हणजे नेमकी हवी असलेली माहिती आपणहून फेकणे.) वाचन, लेखन, जोडण्या आणि सूचना, चारही गोष्टी एकाच वेळी शिगेला पोहोचतात. सरासरी दिवसावर बेतलेली मेमरी इथे टिकत नाही, आणि मॉनिटरिंगची खरी गरज तर याच तासाला असते.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो, तोही उलट्या बाजूने: रॅम आता फार महाग नाही, एवढे डोके खाजवण्यापेक्षा ३२ जीबी टाकून मोकळे व्हा. खासगी कंपनीत हे चालेलही. सरकारी यंत्रात रॅमची एक पट्टी घालायची तरी हमीची अट, सरकारी खरेदीचे जेम पोर्टल, मंजुरी असा प्रवास असतो; पावसाळा तोवर थांबत नाही. पण त्याहून महत्त्वाचे हे, की ३२ जीबीवरही ८० टक्क्यांचाच सूर लावला आणि प्रत्येक जोडणीची मेमरी सैल सोडली, तर शेवट तोच. मायएसक्यूएलमध्ये क्रम लावण्यासाठी आणि तक्ते जोडण्यासाठी लागणारी मेमरी प्रत्येक जोडणीला वेगळी मिळते. मूळ मर्यादा २५६ केबीची, म्हणजे किरकोळ. पण कुठून तरी उचललेल्या ‘वेगवान’ सेटिंगमध्ये त्या दोन्ही ३२-३२ एमबी केलेल्या असतात. जोडण्यांची मूळ कमाल १५१ आहे. ६४ एमबी गुणिले १५१ म्हणजे ९ जीबीच्या वर, आणि एकाच प्रश्नात अनेक तक्ते जोडायचे असतील तर त्याहूनही जास्त. एवढी उचल कोणी रोज करत नाही, पण उधारीची मर्यादा तेवढी दिलेली असते.

दुसरा आक्षेप स्वॅपचा. मेमरी कमी पडली तर लिनक्स काही भाग डिस्कवर हलवतो, मग मारामारी कशाला? काही शे एमबी स्वॅप असावा हे मान्य. अचानक आलेला झटका तो झेलतो. पण बफर पूलचा भाग स्वॅपमध्ये गेला, तर डेटाबेसला वाटते पान मेमरीत आहे, प्रत्यक्षात ते डिस्कवर असते. ज्या डिस्कच्या फेऱ्या वाचवण्यासाठी पूल बांधला, त्याच डिस्कवर तो पूल ठेवल्यासारखे होते. बिघाड टळत नाही, लांबतो, आणि कारण शोधणे अधिक कठीण होते.

तिसरा आक्षेप जाणकारांचा असतो आणि तो वजनदार आहे: पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना तर २५ टक्के सांगतात, मग यातले खरे काय? दोन्ही खरे, कारण दोघांची घडण वेगळी. मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन स्वतःची पाने स्वतः सांभाळते आणि डिस्कशी थेट बोलेल असे त्याला सांगता येते. पोस्टग्रेस मात्र लिनक्सच्या फाइल कॅशेवर भिस्त ठेवतो, म्हणून त्याला स्वतःकडे थोडे आणि लिनक्सकडे बरेच ठेवलेले मानवते. त्याचे वर्क मेम हे सेटिंग तर जोडणीमागेही नव्हे, प्रश्नातल्या क्रम लावण्याच्या प्रत्येक टप्प्यामागे लागू होते, त्यामुळे ४ एमबीचे ६४ एमबी करताना दहा वेळा विचार करावा. एकाचे टक्के दुसऱ्याला लावले की दोन्हीकडून नुकसान. म्हणूनच टक्क्यांपासून सुरुवात करू नये. आधी बाकीच्यांचे काढून ठेवावे. आपल्या ८ जीबीच्या यंत्रात लिनक्सला १ जीबी, पीएचपीच्या प्रक्रिया २० वरून १२ वर आणून त्यांना दीड जीबी, झॅबिक्सला अर्धा, जोडण्यांना अर्धा. उरलेल्यातून पूलला ३ जीबी दिले, तर वरखर्च धरून ६.८ जीबी होतात, ताज्या माहितीचे दोन दिवस मावतात, शेवटची १६० एमबीची पाने मावतात आणि वाईट तासासाठी जीबीभर शिल्लक राहते. ६.४ पेक्षा ३ बरे, हे ऐकायला चमत्कारिक वाटते खरे.

एवढे करूनही ठरावीक वेळी संथपणा येत असेल, तर तो मेमरीचा नसतो. झॅबिक्सचा हाउसकीपर मूळ रचनेत दर तासाला मुदत संपलेल्या नोंदी पुसतो. पण पुसायलाही ते पान आधी पूलमध्ये आणावे लागते. महिन्यापूर्वीची, कोणीही न पाहणारी पाने आत येतात आणि ताज्यांना धक्का देतात. इथे पूल दुप्पट केला तरी तासातासाचा झटका जात नाही. त्यापेक्षा तक्त्याचे दिवसवार भाग पाडावेत आणि मुदत संपली की अख्खा दिवस एका आज्ञेत काढून टाकावा. एकेक ओळ वाचावी लागत नाही. आणि मुळात विचारतो तेवढे विचारायचे आहे का, हेही पाहावे. डब्याचे तापमान किंवा प्रकाशाची तीव्रता दर मिनिटाला कळून कोणी काही करत नाही. २० पैकी १५ बाबी पाच मिनिटांनी विचारल्या, तर मिनिटाच्या नोंदी १०,००० वरून ४,००० होतात. शेवटच्या पानांची संख्या त्याने घटत नाही, ती १०,०००च राहते, पण दिवसाचे १.३ जीबी अर्ध्याहून खाली येतात आणि त्याच ३ जीबीत दोनऐवजी पाच दिवस मावू लागतात. एक पैसा न खर्चता.

बिघाड झाल्यावर तपासण्याचा क्रमही याच विचारातून ठरतो. सर्वांत आधी लिनक्सची नोंदवही पाहावी: डेटाबेसची प्रक्रिया मेमरीअभावी मारली गेली असे त्यात असेल, तर पूल वाढवण्याचा विषय तिथेच संपतो, तो कमी करायचा असतो. नंतर मेमरीचा तक्ता, पण त्यातला ‘फ्री’ रकाना नव्हे. लिनक्स रिकामी मेमरी फाइल कॅशेला वापरतो, त्यामुळे तो रकाना नेहमीच भीतिदायक दिसतो. ‘अव्हेलेबल’ हा रकाना खरा. मग चालू डेटाबेसलाच विचारावे, की तुझा पूल किती? सेटिंगच्या फायली अनेक असतात, नंतर वाचलेली आधीच्या फायलीवर मात करते, आणि कोणीतरी पूल चालू असतानाच वाढवून फायलीत लिहायचे विसरलेला असतो. पुढच्या रीस्टार्टला १२८ एमबी परत येतात आणि ‘काल तर सुधारले होते’ असे सगळे म्हणू लागतात. भंडाऱ्यात बसलेल्याच्या हाती कंत्राटदाराच्या अभियंत्याकडे तक्रार नोंदवण्यापलीकडे अधिकार नसला, तरी एवढ्या तीन गोष्टी तो फोनवर सांगू शकतो, आणि ‘सर्व्हर स्लो आहे’ या तक्रारीपेक्षा त्यावर काम लवकर होते.

उरते ती चाचणी, आणि तिला मुहूर्त मे महिन्याचा. लाखांदूर किंवा पवनीसारख्या एका तालुक्याचा प्रॉक्सी ठरवून तासभर तोडावा, त्याच वेळी दहा-बारा ठिकाणी पडदे उघडे ठेवावेत आणि मग संपर्क जोडावा. आधी हिस्टरी कॅशे भरला, तर डिस्क किंवा पूल अपुरा. आधी जोडण्या संपल्या, तर वेब सर्व्हरच्या प्रक्रिया आणि जोडण्यांची कमाल यांचा मेळ नाही. ‘अव्हेलेबल’ रकाना अर्ध्या जीबीखाली गेला, तर पूल आणखी कमी करावा. आणि यातले काहीच न होता डिस्कवरची वाचने मात्र चढत राहिली, तर खुशाल रॅमची मागणी पाठवावी, आकड्यांसह.